रिकामं सॉकेट

संपादक मंडळाने मला 'कॉम्प्युटर लॅबच्या आठवणी' असा विषय दिला होता. पण त्या आठवणी तुम्हा सगळ्यांकडे आहेतच. चपला बाहेर काढून आत जायचं, एका मशीनपुढे चौघांनी दाटीवाटीने बसायचं, लोगोच्या कासवाला गोल गोल फिरवायचं, आणि बाईंची पाठ वळली की डेव्ह लावायचा. म्हणून मी आठवणी थोडक्यात आटोपते आणि इतिहास लिहिते. इतिहास म्हणजे तीन बोटं रुंद अशा एका चौकोनी वस्तूचा. आपल्या इतिहासाच्या सरांना हा विषय फार आधुनिक वाटेल, पण माझ्या धंद्यात तीस वर्षं म्हणजे यादवकाळच.

झालं असं की मेळाव्याची तयारी सुरू असताना कळलं, जुन्या लॅबमधली चार मशीन अजून डेडस्टॉक रजिस्टरवर आहेत. निर्लेखनाचा प्रस्ताव तयार आहे, म्हणजे लवकरच ती किलोच्या भावाने जाणार. प्रदर्शनात ठेवण्यासारखं काही आहे का, हे पाहायचं काम माझ्याकडे आलं. तीन मशीनमध्ये मदरबोर्डवरची बॅटरी फुटून तिच्या रसाने तांब्याच्या रेघा खाऊन टाकल्या होत्या. चौथं, खिडकीशेजारचं, ज्यावर बाई निकालपत्रकं करायच्या, ते शाबूत निघालं. आत ४८६ एसएक्स प्रोसेसर, वेग २५ मेगाहर्ट्झ, बोर्डावर पक्का सोल्डर केलेला. आणि त्याच्या शेजारी २३८ छिद्रांचं एक मोठं पांढरं सॉकेट. पूर्ण रिकामं.

ते तिथे का होतं आणि रिकामं का राहिलं, यातच वैयक्तिक संगणकांच्या पहिल्या वीस वर्षांची बरीचशी गोष्ट येते.

संगणक विकताना त्यात एक रिकामी जागा ठेवायची, ही पद्धत अगदी पहिल्यापासूनची. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता, ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्याच्या बाजूला एक मोकळं सॉकेट होतं, ८०८७ नावाच्या गणिती मदतनीस चिपसाठी. दशांश अपूर्णांकांचं काम ८०८८ ला स्वतःला थेट येत नसे, तो ते पायरीपायरीने उरकायचा. ज्याला गरज असेल त्याने ८०८७ विकत आणून बसवावी, बाकीच्यांनी कशाला पैसे घालवायचे, असा हिशेब. तो रास्तही होता.

पण मालकाच्या परवानगीशिवाय झालेलं पहिलं मोठं अपग्रेड जपानमधून आलं. एनईसी कंपनीने व्ही-२० नावाची चिप काढली. तिचे चाळीस पाय ८०८८ च्या चाळीस पायांशी तंतोतंत जुळत होते. जुनी चिप स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची, नवी दाबून बसवायची, बाकी काहीही बदलायचं नाही. मशीन थोडं चपळ व्हायचं. दुप्पट-तिप्पट नाही, पण जाणवण्याइतकं, आणि तेही अगदी स्वस्तात. इंटेलला हे रुचणं शक्यच नव्हतं. चिपच्या पोटात लिहिलेल्या सूक्ष्म आज्ञा, ज्यांना मायक्रोकोड म्हणतात, त्या आमच्या आहेत असं इंटेलचं म्हणणं. १९८४ च्या अखेरीस प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं. मध्येच असं उघड झालं की खटला चालवणारे न्यायाधीश ज्या छोट्या गुंतवणूक मंडळाचे सभासद होते, त्या मंडळाकडे इंटेलचे शेअर होते. मग न्यायाधीश बदलले आणि सगळं नव्याने. १९८९ मध्ये निकाल लागला. मायक्रोकोडला कॉपीराइट मिळू शकतो, पण एनईसीने नक्कल केलेली नाही. शिवाय इंटेलकडून परवाना घेतलेल्या कंपन्यांनी चिपांवर कॉपीराइटची खूणच छापली नव्हती, त्यामुळे इंटेलचा हक्क तसाही गेला होता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या दृष्टीने हा निकाल मोठा आहे, पण इथे तो आवरते.

पुढे ८०२८६, मग ८०३८६. ३८६ च्या वेळी इंटेलने ठरवलं की ही चिप दुसऱ्या कोणालाही बनवू द्यायची नाही. एएमडी कोर्टात भांडत राहिली आणि १९९१ मध्ये तिने स्वतःची ३८६ आणली. टेक्सासमध्ये सायरिक्स नावाची छोटी कंपनी होती. ती गणिती मदतनीस चिपा बनवून मोठी झाली आणि १९९२ मध्ये तिने एक मजेशीर वस्तू काढली. तिला नाव दिलं ४८६ चं, आज्ञाही ४८६ च्या कळायच्या, पण पाय मात्र ३८६ चे. ती थेट जुन्या ३८६ च्या सॉकेटमध्ये बसायची. तिच्यात एक किलोबाइटची कॅश होती. कॅश म्हणजे गॅसशेजारचा मिसळणाचा डबा समजा. दर वेळी मोहरीसाठी कोठीच्या खोलीत जावं लागत नाही. इंटेलच्या खऱ्या ४८६ मध्ये हा डबा आठ किलोबाइटचा होता. म्हणून सायरिक्सची चिप खऱ्या ४८६ ला गाठायची नाही, पण ३८६ वाल्याचं काम भागायचं.

त्याहून नवल म्हणजे टोपीसारखी बसणारी अपग्रेड. स्वस्त ३८६ एसएक्स मशीनमध्ये प्रोसेसर सोल्डर केलेला असे, काढायची सोय नाही. मग जुन्या चिपच्या डोक्यावर घट्ट बसणारी टोपी आली. ती चारी बाजूंनी जुन्या चिपचे पाय धरायची आणि एका विशिष्ट पिनवरून तिला सांगायची, आता तू गप्प बस. जुनी चिप जागच्या जागी मुकी, आणि सगळा कारभार टोपीतल्या चिपकडे. मात्र सुरुवातीच्या काळात बनलेल्या ३८६ एसएक्सना गप्प बसायची ही आज्ञा माहीतच नव्हती. त्यांच्यावर टोपी घातली की दोघे एकदम बोलायला लागायचे.

आता आपल्या मशीनकडे. १९८९ मध्ये इंटेलने ४८६ आणला आणि गणिती मदतनीस त्याच्या पोटातच घातला. म्हणजे वेगळं सॉकेट आणि वेगळी चिप यांची गरज संपली. पण एएमडीची ३८६ स्वस्तात मिळायला लागल्यावर इंटेलला स्वस्त ४८६ ची गरज पडली. १९९१ मध्ये ४८६ एसएक्स आला. सुरुवातीचे एसएक्स म्हणजे आतून पूर्ण ४८६ च होते, फक्त गणिताचा भाग बंद करून ठेवलेला. घरात नळ आहे, पाणीही आहे, पण तोटीला कुलूप. आणि ज्याला गणित हवं त्याच्यासाठी ४८७ एसएक्स नावाची 'मदतनीस' चिप वेगळी विकत! ही मदतनीस नव्हतीच. ती पूर्ण ४८६ होती, एक पिन जास्तीची लावलेली. ती सॉकेटमध्ये बसवली की शेजारच्या मूळ एसएक्सला झोपवून सगळं काम आपणच करायची. ग्राहकाने दोन प्रोसेसरचे पैसे मोजायचे आणि चालवायचा एक. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला हे वाचलं तेव्हा मी मैत्रिणीला उठवून सांगितलं होतं. आजही मला यात धंद्याची हुशारी दिसते, पण कौतुक करवत नाही.

१९९२ मध्ये मात्र त्याच सॉकेटसाठी एक खरोखर चांगली वस्तू आली, ओव्हरड्राइव्ह. तिची युक्ती अशी की बाहेरचा बोर्ड २५ मेगाहर्ट्झनेच चालेल, पण चिपच्या आतलं काम ५० ने. पंगतीत वाढपी त्याच चालीने फिरताहेत, पण आतले आचारी दुप्पट वेगाने पोळ्या लाटताहेत. वाढप्यांची वाट पाहण्यात थोडा वेळ जातो, तरी एकूण पंगत बरीच लवकर उठते. बोर्ड तोच, मेमरी तीच, एक चिप बसवली की झालं.

या ओव्हरड्राइव्हच्या जोरावर इंटेलने पुढचं मोठं आश्वासन दिलं. आज ४८६ घ्या, उद्या याच सॉकेटमध्ये पुढच्या पिढीची चिप बसेल. त्यासाठी मोठं २३८ छिद्रांचं सॉकेट ठरवलं गेलं आणि संगणक कंपन्या ते बोर्डावर लावून देऊ लागल्या. माहितीपत्रकात 'अपग्रेड करता येणारा' असा शब्द यायला लागला. तुटपुंज्या पैशात खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला हा शब्द फार भावतो, आणि शाळा समितीसारखं तुटपुंज्या पैशातलं गिऱ्हाईक दुसरं कोणतं? बाईंनी परवा फोनवर सांगितलं, की आपली मशीन घेताना दोन दरपत्रकांमधून हे मशीन याच मुद्द्यावर निवडलं गेलं. "आत्ता साधं घेऊ, दोन वर्षांनी चिप बदलू."

पेंटियम मार्च १९९३ मध्ये आला. ४८६ च्या सॉकेटसाठीचा पेंटियम ओव्हरड्राइव्ह मात्र यायला फेब्रुवारी १९९५ उजाडला. पहिला ६३ मेगाहर्ट्झचा, २५ च्या बोर्डासाठी, म्हणजे आतला वेग अडीचपट. त्याच वर्षी पुढे ८३ चा आला, ३३ च्या बोर्डासाठी. चिप म्हणून ती देखणी होती. डोक्यावर कायमचा बसवलेला पंखा, आणि पंखा बंद पडला तर चिपला ते कळायचं आणि ती जळून जाण्याऐवजी आपणहून वेग उतरवायची. बत्तीस किलोबाइटची कॅश. पण खऱ्या पेंटियमला बाहेरून एका वेळी ६४ बिट मिळत, हिला जुन्या बोर्डाच्या ३२ वरच भागवावं लागे. जुन्या सगळ्याच बोर्डांवर ती निमूट चालली असंही नाही. आणि तोवर बाजार पुढे गेला होता. १९९५ च्या अखेरीस एएमडीने १३३ मेगाहर्ट्झची ५एक्स८६ आणली, जी ४८६ च्याच घराण्यातली, स्वस्त, आणि रोजच्या कामात ६३ च्या ओव्हरड्राइव्हला मागे टाकणारी. किंग्स्टन आणि एव्हरग्रीन या कंपन्यांनी तीच चिप छोट्या पाटावर बसवून, खाली विजेचा दाब उतरवणारी सोय करून, जुन्या मशीनवाल्यांना विकली.

माझं मत विचाराल तर इंटेलचं आश्वासन अगदी खोटं नव्हतं, पण ते उशिरा आणि महाग पाळलं गेलं. रिकाम्या सॉकेटला खरी किंमत आली ती एनईसी, सायरिक्स, एएमडी यांच्यामुळे. जागा एकाने ठेवली, भरली दुसऱ्यांनीच. आणि इंटेल स्वतः दर थोड्या दिवसांनी सॉकेट बदलत राहिली. पहिल्या पेंटियमचं सॉकेट २७३ पिनांचं, वर्षभरात ३२० चं, मग ३२१ चं, आणि १९९७ मध्ये पेंटियम टू आला तो सॉकेट सोडून उभ्या फटीत बसणारा.

इथे एक आपल्याकडचा धागा आहे. पेंटियम बनवणाऱ्या चमूचं नेतृत्व करणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे, शिक्षण दिल्लीचं. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने घेतली आणि तिच्याच आराखड्यातून १९९७ मध्ये के-६ ही चिप आली. ती बसायची कुठे, तर इंटेल सोडून देत असलेल्या त्याच ३२१ पिनांच्या सॉकेटमध्ये. पेंटियमवाल्या माणसाच्या हातूनच पेंटियमच्या जुन्या सॉकेटला आणखी काही वर्षांचं आयुष्य मिळालं.

आपल्याकडे खोक्यातली ओव्हरड्राइव्ह मी तरी विद्यार्थिदशेत कधी पाहिली नाही. इथे अपग्रेड म्हणजे लॅमिंग्टन रोडवर जाऊन अख्खा बोर्डच बदलून आणणं. डबा तोच, पॉवर सप्लाय तोच, आत दुसरंच मशीन. जुना बोर्ड दुकानदार ठेवून घ्यायचा आणि तो कुठल्या तरी क्लासमध्ये पुन्हा उभा राहायचा. हॉस्टेलवर आमच्या सीनियर मुलांनी ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन बोर्डाचा वेग वाढवून ४५० ने चालवला होता आणि त्यावर आम्हाला पाच रुपयांचा चहा पाजला होता. तेव्हाच्या बाजारात आणखी एक धंदा जोरात होता. चिपवरची छपाई घासून काढायची आणि जास्त वेगाचा आकडा छापायचा. हा धंदा आता जुन्या चिपांच्या बाबतीत पुन्हा सुरू झाला आहे.

त्यामुळे आज आपल्या सॉकेटसाठी चिप शोधायची म्हटल्यावर मी आधी कागदावर अटी लिहिल्या. बोर्ड फक्त पाच व्होल्टचा. साडेतीन व्होल्टची उघडी चिप त्यात बसवली तर ती जळणार. मूळ प्रोसेसर सोल्डर केलेला, म्हणून त्याला झोपवणारी पिन असलेलीच चिप हवी. नुसता किंग्स्टनचा पाट आणून भागेलच असं नाही. बोर्ड २५ मेगाहर्ट्झचा, म्हणून ६३ चाच पेंटियम ओव्हरड्राइव्ह. थोडक्यात, १९९५ मध्ये जी चिप घ्यायला हवी होती, बरोबर तीच.

तीन महिने लागले. भंगारात शोधणं जवळजवळ अशक्य आहे, कारण त्या काळच्या चिनी मातीच्या चिपांच्या पायांवर सोन्याचा मुलामा असतो आणि भंगारवाल्यांना ते आपल्याआधी माहीत असतं. चिपा किलोवर विकल्या जातात आणि आम्लात जातात. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याने मला गोणीत हात घालू दिला. मूठभर ४८६ निघाले, बहुतेकांचे पाय वाकलेले, ओव्हरड्राइव्ह एकही नाही. दुसऱ्याने फोटो पाठवला तो पंखा काढून टाकलेल्या चिपचा. शेवटी आपल्या 'ब' तुकडीतल्या, आता सॅन होजेला असलेल्या मित्राने तिथल्या एका जुन्या संग्राहकाकडून मिळवली आणि दिवाळीला येताना पायमोज्यात गुंडाळून आणली. चिपवरचा सांकेतिक क्रमांक मी फोटोवरून तीनदा ताडून पाहिला होता. पंखा अडकत होता, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरला.

यावर आमच्या ग्रुपवर बराच वाद झाला, तोही सांगते. एकाचं म्हणणं, प्रदर्शनात मशीन जसं होतं तसंच ठेवावं. आपण ज्याच्यासमोर तिष्ठत बसायचो ते मशीन वेगवान केलं तर तो इतिहास राहत नाही. मुद्दा बरोबर आहे. जुन्या सॉफ्टवेअरलाही वेग नेहमी मानवतो असं नाही. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम दोनशे मेगाहर्ट्झच्या पुढच्या मशीनवर सुरू होताच 'रनटाइम एरर २००' देऊन कोसळायचे. मशीन किती वेगवान आहे हे मोजणाऱ्या गणिताचं उत्तरच त्यात मावत नसे. ६३ ला ही भीती नाही, पण तत्त्व तेच.

दुसरी बाजू बाईंची. त्यांनी जपून ठेवलेल्या फाइलमधून १९९६ च्या अर्जाची कार्बन प्रत काढून मला पाठवली. विषय: संगणकासाठी ओव्हरड्राइव्ह चिप मिळणेबाबत. सोबत पुण्याच्या दुकानाचं दरपत्रक. त्या वर्षी पाण्याची टाकी गळत होती आणि पैसे तिकडे गेले. बाई म्हणाल्या, "टाकीच आधी हवी होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती चिप तिथे बसावी म्हणून मी मशीन निवडलं होतं. इतिहास लिहायचाच असेल तर ते मशीन कशासाठी घेतलं होतं, तोही इतिहासच की."

सॉकेटच्या रचनेनेच हा वाद सोडवला. मूळ ४८६ एसएक्स बोर्डावरून हलत नाही. ओव्हरड्राइव्ह बसवली की तो झोपतो, काढली की जागा होतो. काहीच पुसलं जात नाही. चिप दाबून बसवायला चांगलाच जोर लागला, बोर्ड वाकेल की काय अशी भीती वाटेपर्यंत. मग मशीन चालू केलं आणि जीडब्ल्यू-बेसिकमध्ये मूळ संख्या शोधणारा आपला नववीचा प्रोग्रॅम दोन्ही प्रकारे चालवला. ओव्हरड्राइव्हवर तो अडीच-तीन पट लवकर संपतो. प्रदर्शनात सकाळी मशीन जुन्या वेगाने चालेल आणि दुपारी बाईंच्या वेगाने.

निर्लेखनाच्या यादीतून हे एक मशीन वगळायची विनंती मुख्याध्यापकांनी मान्य केली आहे. बाकी तिघांचे बोर्ड गेले, पण डबे, कीबोर्ड आणि मॉनिटर ठीक आहेत. तुमच्या कोणाच्या माळ्यावर, दुकानाच्या मागे किंवा सासरच्या अडगळीत ३८६ किंवा ४८६ चं मशीन असेल तर भंगारात देऊ नका, मला फोटो पाठवा. मुख्य म्हणजे 'चालतंय का बघू' म्हणून लगेच वीज जोडू नका. आधी डबा उघडा, बोर्डाच्या कडेला निळी किंवा हिरवी, पिंपासारखी छोटी बॅटरी असेल ती कटरने कापून काढा, आणि आजूबाजूला हिरवट-पांढरं काही साठलं असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून बोर्ड दोन दिवस वाळू द्या.